कुंड्यांची आगोट : प्रस्तावना

कोकणात मे महिन्याचे शेवटचे दिवस आले की घराघरांत 'आगोट' हा शब्द फिरू लागतो. पावसाळ्याचं तोंड म्हणजे आगोट, आणि त्या तोंडावर करून ठेवायची बेगमी म्हणजेही आगोटच. लाकूडफाटा पडवीत रचायचा, कौलं चाळायची, पन्हळी झाडायच्या, कडधान्याला ऊन दाखवायचं, सुकी मासळी डब्यात भरायची. श्रीवर्धनजवळच्या आमच्या घरी काकू हे सगळं दरवर्षी करते. तिच्या यादीत शेवटचं काम कुंड्यांचं. कुंड्या म्हणजे तिच्या लेखी फुटक्या बादल्या, तेलाचे पत्र्याचे डबे आणि एक कान तुटलेला हंडा. ते सगळं अंगणातून उचलून पडवीच्या आतल्या भिंतीला लावायचं. लहानपणी सुट्टीत हे काम माझ्या गळ्यात पडायचं. 'पाऊस तर झाडांना हवाच असतो ना?' असं मी कुरकुरत विचारलं की ती म्हणायची, 'जमिनीतल्या झाडाला हवा असतो गं. डब्यातल्याला नव्हे.'

ते वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. पुढे मुंबईच्या उपनगरात, चौथ्या मजल्यावर, घराला लागून असलेल्या छोट्या गच्चीत साठेक कुंड्या झाल्या तेव्हा ते आठवलं. तेही दोनदा चांगलं नुकसान सोसल्यावर.

मराठीत गच्चीवरच्या बागेची पुस्तकं आता कमी नाहीत. माती कशी कालवावी, गांडूळखत कसं करावं, मिरचीला फुलं का गळतात, हे त्यांत सविस्तर सापडतं. पण त्या पुस्तकांतलं हवामान फार शहाणं असतं. ऊन सकाळचं चार तास, पाऊस रिमझिम, वारा झुळूक. आमच्याकडे असं हवामान वर्षातून जेमतेम तीन महिने येतं, तेही पाहुण्यासारखं. म्हणून दापोली, ठाणे, पुणे, लातूर, अकोला, नागपूर अशा ठिकाणच्या कुंडीवाल्यांना एकच प्रश्न विचारायचं ठरवलं: हवामानाने तुमचं काय नेलं, आणि पुढच्या वर्षी तुम्ही काय बदललंत? त्यांच्या उत्तरांचं हे पुस्तक. उत्तरं देणाऱ्यांत कुणी निवृत्त कारकून, कुणी शिक्षिका, कुणी दिवसभर घर सांभाळणाऱ्या. शेतकी शिकलेलं एकही नाही.

ही रीत काही आमची नव्हे. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला तो याच समजुतीवर, की ज्याच्या हातात माती आहे त्याने आपला प्रयोग करावा, तो मांडावा आणि दुसऱ्याने तो आपल्या जागी पडताळून पाहावा. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांचं पुस्तक ज्यांच्या घरी आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी हाच विचार गच्चीवर नेला आणि तिथे ऊसही वाढवून दाखवला. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर, रोजच्या ओल्या कचऱ्यातून केलेल्या मातीत, फळझाडं आणि भाज्या उभ्या राहिल्या. आमचं पुस्तक त्या मानाने फारच घरगुती. आमच्याकडे यशापेक्षा फजित्या जास्त आहेत.

आता काकूच्या वाक्याकडे येते. जमिनीतल्या झाडाच्या मुळांना हवामान थेट भेटत नाही. वरची माती तापली तरी हातभर खाली गारवा असतो, पाणी साचलं तर झिरपायला वाट असते, वारा सुटला तर मुळं झाडाला धरून ठेवतात. कुंडीत मुळांभोवती वीतभर माती, आणि तिच्यापलीकडे लगेच हवा. पश्चिमेच्या गॅलरीतली काळी प्लास्टिकची कुंडी एप्रिलात दुपारी तीन वाजता बाहेरून हात लावून पाहा, चटका बसतो. आणि मुळं नेमकी त्याच कडेने गोल फिरलेली असतात. पावसात तीच कुंडी तळाचं भोक बुजलं की विहीर होते. वाऱ्यात तर विचारूच नका. जमिनीवरचं वांग्याचं झाड झुकतं आणि सावरतं, कुंडीतलं मात्र कुंडीसकट जातं.

उन्हाचा भाग या पुस्तकात विदर्भाने लिहिला आहे आणि तो त्यांनीच लिहावा. पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला पाहिलेली माणसं ती. मे अखेरच्या नवतप्यात त्यांची बाग म्हणजे जगवायची बाग, फुलवायची नव्हे. नागपूरच्या एक बाई सांगतात, की एप्रिलपासून त्या खत घालणं बंद करतात, कुंडी बदलणं बंद करतात, आणि सगळ्या कुंड्या एकमेकींना खेटून उत्तरेच्या भिंतीशी बसवतात. मोठ्या मध्ये, लहान त्यांच्या सावलीत. वर हिरवी जाळी. मातीवर चार बोटं पाचोळा, नाहीतर नारळाच्या शेंड्या. पाणी पहाटे. दुपारी नळी उघडली तर आधी उकळतं पाणीच येतं, हे त्या एकदा शेवंती गमावून शिकल्या.

त्यांचीच दुसरी फजिती मला फार मोलाची वाटते. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी वाया का घालवायचं म्हणून त्या ते मोगऱ्याला घालत. महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या. कूलर पाणी उडवतो आणि त्यातले क्षार मागे ठेवतो. रोज वरून भर घालत गेलं की आठवड्याच्या शेवटी टाकीत उरतं ते जवळजवळ खारं पाणी. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी याच्या अगदी उलट. ते हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार नसतात. शेजारच्या दोन यंत्रांतून ठिबकणारं पाणी, एक झाडाला चालतं आणि एक चालत नाही, हे कुठल्या पुस्तकात मी तरी वाचलं नव्हतं.

याच भागात अकोल्याच्या एका गृहस्थांनी गळतीची आठवण काढली आहे. वैशाखात पिंडीवर गळती लावतात, तशी काही घरांत तुळशीवरही टांगतात. तांब्याच्या भांड्याला बारीक भोक, त्यातून थेंब थेंब पाणी. ठिबक सिंचनाच्या नळ्या आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधीपासून हे चाललेलं आहे. गावाला जाताना ते गृहस्थ पाण्याच्या बाटलीला कापसाची वात लावून तेच करतात. देवाधर्माचा भाग ज्याने त्याने आपला पाहावा. थेंबाचं गणित दोन्हीकडे एकच आहे.

वादळाच्या भागावर मी स्वतः जास्त रेंगाळले आहे, कारण वादळ आमच्या घरावरून गेलं. 3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर, झोत त्याहून जास्त. टाळेबंदीचे दिवस, आम्ही मुंबईत अडकलेलो. फोन लागला तो चार दिवसांनी. काकू एवढंच म्हणाली, 'बाग झोपली गं.' श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्यांना माहीत आहे त्यांना या तीन शब्दांचा अर्थ कळेल. सुपारीचं झाड उंच आणि सडपातळ, माडांच्या सावलीत वाढलेलं. आधी माड पडले, मग त्यांनी पोफळी पाडल्या. नवी पोफळ लावली तर फळ धरायला पाच-सहा वर्षं, माडाला त्याहून जास्त. आठवडे उलटले तरी वीज नव्हती. पडवीत आत घेतलेले तिचे डबे तेवढे जागेवर होते: मिरची, पानांचा ओवा, गवती चहा. आणि अंगणात, उघड्यावर, वृंदावन. चिऱ्याचं, चौकोनी, खाली रुंद आणि वर निमुळतं. तुळशीची पानं खाऱ्या वाऱ्याने काळी पडली होती, पण वृंदावन इंचभर हललं नव्हतं. वाऱ्यात टिकणारी कुंडी कशी असावी याचा नमुना दारातच होता, आणि आम्ही शहरात येऊन वर रुंद, खाली अरुंद अशा कुंड्या विकत घेत होतो.

पुढच्याच वर्षी, 2021 च्या मे महिन्यात, तौक्ते चक्रीवादळ आलं. ते गुजरातेत जमिनीवर चढलं, पण 17 मे रोजी मुंबईजवळून जाताना कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी 114 किलोमीटर नोंदला गेला. या वेळी मी शहाणी झाले होते. आदल्या रात्री साठच्या साठ कुंड्या आत घेतल्या. मोठ्या बाथरूममध्ये, मधल्या पॅसेजमध्ये, पलंगाखाली कोरफडी. दारांना खाली गोणपाट लावलं. इतकं सगळं केल्यावर दुपारी गच्चीचं दार उघडून पाहते तो पाणी उंबऱ्याला लागलेलं. शेजारच्या कडुनिंबाचा पाला उडून येऊन गच्चीच्या मोरीच्या जाळीवर बसला होता, एखादी ओली रजई अंथरावी तसा. पाणी हॉलमध्ये आलं, सोफ्याखालून स्वयंपाकघरात गेलं. आमच्या घरून शेरा आला, 'बाग आत आणलीस ते ठीक, पाऊसही आणायचा होता का?'

नंतर बसून हिशेब केला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. माझी गच्ची शंभर चौरस फुटांची, म्हणजे सव्वानऊ चौरस मीटरच्या आसपास. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 230 मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे माझ्या एवढ्याशा गच्चीवर दोन हजार शंभर लिटरच्या वर पाणी पडलं. दोन टन. आणि ते जायला वाट एकच, तळहाताएवढ्या जाळीची. मी कुंड्या मोजत बसले होते.

त्याच वादळाने आणखी एक गोष्ट शिकवली. मुंबईचा नेहमीचा पावसाळी वारा नैऋत्येचा, पश्चिमेचा. त्यामुळे पूर्वेच्या गॅलऱ्या सुरक्षित असं सगळे धरून चालतात. पण चक्रीवादळात वारे केंद्राभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. वादळ आपल्या पश्चिमेच्या समुद्रातून उत्तरेकडे सरकत असेल तर वारा आधी आग्नेयेकडून येतो, मग दक्षिणेकडून, आणि ते पुढे गेल्यावर नैऋत्येकडून. ठाण्याच्या एका जोडप्याने पश्चिमेच्या कुंड्या उचलून पूर्वेला नेल्या आणि तिथेच त्या फुटल्या. शिवाय वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. पन्नासच्या वाऱ्यात जागची न हललेली कुंडी शंभराच्या वाऱ्यात उभी राहील, असं समजण्यात अर्थ नाही. कोकोपीट भरलेली तर नाहीच. हलकं म्हणून ते आपल्याला आवडतं, आणि वाऱ्यालाही. दापोलीच्या एका आजोबांचा उपाय साधा आहे. ज्या कुंड्या आत घेता येत नाहीत त्या ते वादळाच्या आदल्या दिवशी स्वतःच आडव्या करून एकमेकींना सुंभाने बांधतात. 'वादळ पाडणारच, तर आपण हळू पाडावं,' असं ते म्हणतात. वादळ सरल्यावर ते पहिलं काम करतात ते पानं गोड्या पाण्याने धुण्याचं, कारण किनाऱ्यावरचा वारा पानांवर मीठ ठेवून जातो.

चक्रीवादळ निदान सांगून येतं. दोन-तीन दिवस आधी हवामान खात्याचे इशारे सुरू होतात. वळवाचं तसं नसतं. 13 मे 2024 ची दुपार मुंबईकर विसरणार नाहीत. धुळीचं वादळ उठलं, घाटकोपरला पेट्रोलपंपावर प्रचंड जाहिरात फलक कोसळला आणि 17 जणांचा जीव गेला. त्या दुपारी आमच्या इमारतीत कुणाला कुंड्या आत घ्यायला वेळ मिळाला नाही. म्हणून या पुस्तकात एका बाबतीत आम्ही हट्टी आहोत: कठड्यावर कुंडी ठेवू नये. एप्रिल-मेमध्ये नाही, एरवीही नाही, तारेने बांधूनही नाही. बारा इंची कुंडी ओली झाली की पंचवीस-तीस किलोची होते, आणि खालून माणसं जातात. हा मुद्दा बागेचा नाहीच. कठड्यावर गुलाब छान दिसतो म्हणून आमच्याशी वाद घालणाऱ्या तिघांची टिपणं मी छापलेली नाहीत. त्यांचा राग मला मान्य आहे.

त्याच वजनाचा दुसरा प्रश्न जुन्या इमारतींच्या बाहेर काढलेल्या गॅलऱ्यांचा. मोठ्या कुंड्या भिंतीलगत ठेवाव्यात, बाहेरच्या टोकाला नव्हे. संपूर्ण गच्चीवर माती पसरायची असेल तर आधी अभियंत्याला दाखवावं. याहून जास्त आम्ही सांगू शकत नाही.

पावसाळ्याची टिपणं संख्येने सर्वांत जास्त आली आणि सर्वांत उदास आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-कोकणात आठ-आठ दिवस झड लागते, ऊन म्हणून दिसत नाही. टोमॅटो लावणारा दरवर्षी तेच करतो आणि दरवर्षी तेच भोगतो. अळू, मायाळू, हळद, गवती चहा यांचा हा काळ आहे, त्यांना द्यावा. सततच्या पावसाने मातीतलं नत्र धुऊन जातं, पानं पिवळी पडतात. आणि मुळांना हवा न मिळाल्याने झाड मलूल झालं की नवखा माणूस त्याला आणखी पाणी घालतो. कुंडीखालच्या ताटल्या तर मृगाच्या आधी काढूनच टाकाव्यात. साठलेल्या पाण्यात डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि डेंग्यूचा डास असंच स्वच्छ, घरगुती पाणी शोधत असतो. पुण्याच्या एक बाई आठवड्यातून एक दिवस, गुरुवारी, सगळ्या कुंड्या वाकवून पाहतात. उपासाचा दिवस, वेळ असतो, असं त्यांचं म्हणणं.

गारपिटीवर लातूरचं एकच टिपण आहे आणि ते दीड पानाचं आहे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीत लिहिणाऱ्यांच्या गावाबाहेरची द्राक्षं आणि गहू झोपले. गच्चीतल्या कुंड्यांचं काय झालं हे लिहायला त्यांना संकोच वाटला. तो संकोच मला समजतो. म्हणून ते आहे तसंच छापलं आहे.

इशाऱ्यांबद्दल थोडं. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे जोरदार, 115.6 च्या वर अतिजोरदार, 204.5 किंवा जास्त म्हणजे अत्यंत जोरदार. पिवळा, नारंगी, लाल हे रंग याच हिशेबाच्या जवळपास फिरतात. पण तो रंग जिल्ह्याचा असतो, तुमच्या गॅलरीचा नसतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात, चोवीस-पंचवीस किलोमीटरवर, कुलाब्याला 75 मिलिमीटरसुद्धा झाला नाही. म्हणून प्रत्येक टिपणाबरोबर आम्ही त्या माणसाची गॅलरी कुठल्या दिशेला, कितव्या मजल्यावर, समोर मोकळं की इमारत, हे छापलं आहे. वाचताना आधी ते पाहावं, मग सल्ला घ्यावा.

पुस्तक जवळजवळ तयार झालं असताना 2025 उजाडलं. मुंबईत पाऊस यायची नेहमीची तारीख 11 जून. त्या वर्षी तो 26 मे रोजीच आला. इतक्या लवकर आल्याची नोंद नव्हती. त्याआधीही मे महिनाभर तो येऊन-जाऊन होताच. लोकांच्या कुरडया वाळल्या नाहीत, आंबा डागाळला, आणि आमची आगोट निम्मीही झाली नव्हती. अक्षय तृतीयेला आळी करून लावलेल्या दुधी-काकडीच्या बिया कुंडीतच कुजल्या. त्यामुळे शेवटचं प्रकरण, ज्यात बारा महिन्यांची कामं तारखांनुसार दिली होती, ते मी काढून टाकलं आणि नव्याने लिहिलं. आता त्यात तारखा नाहीत, खुणा आहेत. वारा फिरला, रात्री उकडायला लागलं, मुंग्या भिंतीवर चढल्या, पहिला वळीव पडून गेला, म्हणजे हे हे करा. काकूला हे प्रकरण वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'मुंग्यांचं काढ. त्या साखरेसाठीही चढतात.' काढलं.

पुस्तकात महागड्या वस्तूंची यादी नाही. सुंभ, गोणपाट, विटा, हिरवी जाळी, पाचोळा आणि एक जुनी चादर एवढ्यावर बहुतेकांचं भागलेलं आहे. कुठे आमचं चुकलं असेल, तुमच्या गॅलरीत वेगळं घडलं असेल, तर जरूर लिहून पाठवा. पुढची आवृत्ती निघाली तर तुमच्याच शब्दांत घेऊ. आणि वाचायला सुरुवात करण्याआधी, हे पान उघडं ठेवून, एकदा गच्चीत किंवा गॅलरीत जाऊन मोरीच्या जाळीवरचा पाला काढून या.